आधी हे ॲप टाक, मग बोलू

मिक्सर नवीन आणला तर तो एकट्यानं करून बघता येतो. शेंगदाणे घातले, बटण फिरवलं, कूट झालं, विषय संपला. पण चॅटिंगचं नाहीतर व्हिडिओ कॉलचं नवीन ॲप नुसतं उघडून बसून काय करणार, समोर कुणीतरी लागतं, त्यानंपण तेच ॲप टाकलेलं लागतं, त्याचापण ओटीपी आलेला लागतो, आणि मग दोघं मिळून 'दिसतंय का', 'ऐकू येतंय का' करत बसतात. म्हणजे मला ते ॲप आवडलं का नाही ह्याला तसा काही अर्थच नाही. समोरच्याला जमलं तर चालणार, नाहीतर माझ्या फोनमध्ये ते रिकामं पडून राहणार. असली रिकामी ॲप माझ्याकडे भरपूर आहेत, कारण आमच्या घरात हे 'करून बघायचं' खातं पहिल्यापासून माझ्याकडे आलंय. बहुतेक मी धाकटी म्हणून, आणि तिघांत सांगलीच्या जवळ राहणारी म्हणून. (पुणे सांगलीच्या जवळ आहे हे आईचं मत, माझं नाही.)

दादा दुबईला, ताई न्यू जर्सीत, आई सांगलीत. एवढ्या माहितीवर कुणीही सांगेल की आमच्या घरात ॲपांचा किती राडा असणार.

सुरुवात याहू मेसेंजरनं झाली. दादा गेला तेव्हा आयएसडी म्हणजे घड्याळाकडे बघत बोलायचं, म्हणून कुणीतरी सांगितलं की कॉलेज कॉर्नरच्या सायबर कॅफेत वेबकॅम आलाय. तिथं प्लायवूडचे खोके केलेले, खोक्यात एकच खुर्ची, त्यावर आई, मागं बाबा उभे, आणि मी मधनं हात घालून टाइप करणार. वार शुक्रवार, कारण तिकडं सुट्टी शुक्रवारी. (२०२२ पासून यूएईनं सुट्टी शनिवार-रविवारवर नेली आणि आमचा कॉलचा वार इतक्या वर्षांनी बदलला. आई अजून शुक्रवारी दुपारीच फोन चार्जिंगला लावते.) चित्र म्हणजे सगळे चौकोन चौकोन, दादा हलला तरी त्याचा चेहरा आधीच्या जागीच रहायचा आणि मग एकदम सरकायचा. आवाज मिळाला तर मिळाला, नाहीतर टायपिंग, तेपण इंग्रजी अक्षरातलं मराठी, ज्यात साधं 'जेवलास का' वाचताना पण आईला अडखळायला व्हायचं. मला आवडायचं ते बझचं बटण. दाबलं की समोरची अख्खी खिडकी थरथरायची. दादा जरा गप्प बसला की आई म्हणायची, ते हलवायचं दाब गं.

बाबा मात्र त्या खोक्यात यायला इस्त्रीचा शर्ट घालायचे. घरनं निघताना केस विंचरून, खिशाला पेन लावून. तेव्हा आम्ही हसायचो. नंतर कधीतरी वाचताना कळलं की ही अडचण व्हिडिओ कॉलइतकीच जुनी आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीनं १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन मांडला होता, मग न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टनमध्ये त्याचे बूथ काढले, तीन मिनिटांना १६ डॉलरपासून पुढं भाव. १९७० ला पिट्सबर्गमध्ये लोकांच्या ऑफिसात बसवून बघितला, महिन्याला १६० डॉलर. आपटला. महाग तर होताच, आणि फोनवर बोलताना आपण दिसावं अशी लोकांना काही हौस नव्हती, पण मला त्यातलं पटतं ते वेगळंच कारण. ज्याच्याकडे पिक्चरफोन आहे त्यानं तो लावायचा कुणाला? दुसऱ्या कुणाकडे नव्हताच की. एवढी मोठी कंपनी, एवढा पैसा, आणि अडलं कुठं तर समोर कुणी नाही.

स्काइप आलं २००३ ला. काढणारे एक स्वीडनचा, एक डेन्मार्कचा, आणि प्रोग्रॅम लिहिणारी पोरं एस्टोनियाची. व्हिडिओ त्यात २००६ च्या सुरुवातीला आला आणि ताई अमेरिकेत गेल्यावर आमचं सगळं स्काइपवरच चालायचं. पण दादाशी नाही. कारण यूएईत परवाना नसलेल्या ॲपनं इंटरनेटवरनं फोन करण्यावर बंदी. व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, फोटो जातात, कॉल मात्र लागत नाही. हे आईला समजावून सांगणं म्हणजे एक कामच होतं, कारण तिचं म्हणणं, फोटो जातो म्हणजे रस्ता आहे, मग आवाजाला कोण अडवतंय? प्रश्न अगदी बरोबर आहे. अडवतात त्या तिकडच्या टेलिफोनच्या नियमानं. व्हीपीएन टाकून, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातनं नेट वापरतोय असं दाखवून लोक बोलतात, पण २०१६ ला तिकडं कायदा कडक झाला, व्हीपीएन वापरून गुन्हा केला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड. आता सांगलीतल्या आईशी बोलणं गुन्ह्यात बसतं का नाही हे बघत बसायची दादाची तयारी नव्हती, आणि बरोबरच आहे त्याचं.

म्हणून बोटिम. हे तिकडं चालणारं ॲप, सुरुवातीला त्यासाठी तिकडच्या टेलिफोन कंपनीचं महिन्याचं वेगळं पॅकेज पण घ्यावं लागायचं. मधे २०१९ च्या शेवटी टोटॉक नावाचं एक आलं, फुकट, चित्र एकदम स्वच्छ, दादा खूश, त्यानं आम्हा सगळ्यांना टाकायला लावलं. आणि मग न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली की हे ॲप हेरगिरीसाठी वापरलं जातंय. कंपनीनं नाही म्हटलं, पण गुगल आणि ॲपल दोघांनी तोवर आपापल्या स्टोअरवरनं काढून टाकलं होतं. मी आईच्या फोनमधनं काढताना तिला कारण सांगितलं तर ती जरा विचार करून म्हणाली, "मग त्यांनी काय ऐकलं असंल? पित्ताची गोळी घेतलीस का, एवढंच की."

तर आईच्या फोनमध्ये आज काय आहे ते सांगते. पहिल्या पानावर वरच्या ओळीत तीन चौकोन: दादाचं, ताईचं आणि माझं. तिला ॲपची नावं येत नाहीत आणि यायची गरज पण नाही. "दादाच्यावर रिंग आलीय" असं ती म्हणते. ताईचं म्हणजे फेसटाइम, आता आईचा फोन अँड्रॉइड, पण २०२१ पासून फेसटाइमची लिंक ब्राउझरमध्ये उघडता येते, म्हणून मी ती लिंकच स्क्रीनवर आणून ठेवलीय. माझं म्हणजे व्हॉट्सॲप. त्यावर भावकी आहे, भिशी आहे, दूधवाला आहे, पण नाव माझं.

नवीन ॲप करून बघताना तांत्रिक लोक काय बघतात मला माहितीय, मीपण ते सगळं वाचते, एन्क्रिप्शन आहे का (म्हणजे मधल्या कुणाला वाचता-ऐकता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूप), चित्र किती पिक्सेलचं, एका वेळी किती माणसं. माझ्या अनुभवात ह्यातलं काही आडवं येत नाही. आडवी येते ती रिंग. नवीन ॲप आईच्या फोनवर टाकलं, मी समोर बसून कॉल केला, वाजला, छान. पुण्याला आले, दोन दिवसांनी केला, वाजला नाही. आईला संध्याकाळी मिस्ड कॉल दिसला. का, तर फोनची बॅटरी वाचवायची सिस्टीम. जे ॲप रोज उघडलं जात नाही त्याला फोन झोपवून टाकतो, मग कॉल आलेला त्याला कळतच नाही. व्हॉट्सॲप रोज दहा वेळा उघडलं जातं म्हणून ते जागं, आणि बऱ्याच फोन कंपन्या अशा मोठ्या ॲपांना आधीच सूट देऊन ठेवतात. नवीन बिचारं झोपतं, झोपतं म्हणून वाजत नाही, वाजत नाही म्हणून कुणी वापरत नाही, आणि वापरत नाही म्हणून आणखी झोपतं. सेटिंगमध्ये बॅटरी, त्यात ॲपचं नाव, त्यात 'अनरिस्ट्रिक्टेड', आणि काही फोनमध्ये ऑटोस्टार्ट म्हणून आणखी एक बटण दुसरीकडेच कुठंतरी. हे मी आता डोळे मिटून करते. कुठलंही नवीन ॲप टाकलं की आधी हे, मग बाकीचं. कितीतरी चांगली ॲप लोकांच्या फोनमध्ये नुसती झोपून मेली असतील, आणि लोक म्हणत असतील की छे, भिकार ॲप होतं.

दुसरी एक गंमत. एका ॲपमध्ये स्वतःचं चित्र आरशासारखं दिसायचं नाही, समोरच्याला दिसतं तसं सरळ दिसायचं. आई कॉल सुरू झाला की आधी स्वतःकडे बघते, आम्ही नंतर. तिनं बघितलं तर पदर भलत्याच खांद्यावर. नीट करायला हात वर केला तर चित्रातला हात दुसरीकडेच गेला. पुन्हा केला. मग खांद्याला हात लावून बघितलं, पदर तर आहे जागेवर. दादा तिकडनं काहीतरी घराच्या कर्जाचं सांगत होता आणि आई एक खांदा वर, एक खांदा खाली करत नुसती स्वतःकडे बघत होती. 'मिरर' नावाचं एक बटण असतं, ते त्यात सापडलंच नाही. तेवढ्या एका कारणावरनं ते ॲप आमच्या घरातनं बाद झालं. दादाला अजून वाटतं की ते नेट स्लो होतं म्हणून काढलं.

आता मूळ दुखणं. मी जीमेलवरनं कुणाच्या रेडिफच्या पत्त्यावर मेल पाठवू शकते. बीएसएनएलच्या लँडलाइनवरनं जिओच्या मोबाइलला फोन लागतो, कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. मग एका चॅटवरनं दुसऱ्या चॅटवर का जात नाही? जाऊ शकतं, हीच तर चीड आहे. गुगल टॉक २००५ ला निघालं ते एक्सएमपीपी नावाच्या खुल्या पद्धतीवर, आणि २००६ पासून त्यावरनं दुसऱ्यांच्या सर्व्हरवरच्या माणसांशी पण बोलता यायचं. म्हणजे मेलसारखंच. मग २०१३ ला हँगआउट्स आलं आणि ते दार हळूहळू बंद झालं. पुढं २०१६ ला त्याच गुगलनं ॲलो आणि ड्युओ अशी दोन काढली, २०१९ ला ॲलो बंद, २०२२ ला ड्युओ मीटमध्ये मिसळलं आणि हँगआउट्सपण गेलं. दर वेळी मी आईच्या फोनवर नवीन चौकोन आणि जुना चौकोन असा कार्यक्रम केलाय. युरोपनं आता डिजिटल मार्केट्स ॲक्ट करून मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना सांगितलंय की दुसऱ्यांच्या ॲपला तुमच्याशी बोलू द्या. आपल्याकडे असं झालं तर माझं अर्धं काम जाईल आणि मी पेढे वाटेन.

तोपर्यंत लाटा येतात. जानेवारी २०२१ ला व्हॉट्सॲपनं नवीन प्रायव्हसी पॉलिसीची नोटीस दिली तेव्हाची लाट आठवतेय ना? इलॉन मस्कनं 'सिग्नल वापरा' म्हटलं आणि आमच्या आतेमामेभावंडांचा ग्रुप अख्खाच्या अख्खा सिग्नलवर गेला. म्हणजे ग्रुप केला, सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, एकानं 'आता इथंच बोलायचं' असं ठणकावून लिहिलं, आणि ते ठणकावून लिहिलंय हे सांगायला त्यानंच व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला. झालं. सिग्नल चांगलं आहे हो, माझ्या मते ह्या सगळ्यांत तेच सरळ मनाचं, जाहिरात नाही, चालवतंय एक ना नफा संस्था, आणि व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन पण त्याच लोकांच्या पद्धतीवर चालतं. मी आणि माझी एक मैत्रीण अजून त्यावर बोलतो. आम्ही दोघीच.

तसंच २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरला अरट्टईचं झालं. झोहो ह्या भारतीय कंपनीचं हे ॲप २०२१ पासून होतंच, पण स्वदेशीचा विषय निघाला आणि झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबूंनीच सांगितलं की रोजची नवीन नोंदणी तीन दिवसांत ३ हजारांवरनं साडेतीन लाखांवर गेली. सासरच्या ग्रुपवर तर एकच धांदल. मी टाकलं, करून बघितलं. तेव्हा त्यात कॉलला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन होतं, मेसेजला नव्हतं, त्यावरनं बरीच टीका पण झाली. पण कॉल छान लागत होते, कमी रेंजमध्ये सुद्धा, आणि टीव्हीवर पण चालतं हे मला फार आवडलं, आईचा टीव्ही मोठा आहे. मामेसासऱ्यांनी उत्साहानं सगळ्यांना बोलावलं. आता तिथं रोज सकाळी एक सुप्रभात येतं, त्यांचंच. मी न चुकता उत्तर देते, कारण एक माणूस समोर असल्याशिवाय ते ॲप म्हणजे पिक्चरफोनच. हाइक आठवतं? आपल्याकडचंच, २०१२ चं, स्टिकर काय भारी होते त्याचे. २०२१ च्या जानेवारीत, म्हणजे सगळे व्हॉट्सॲप सोडायच्या गोष्टी करत होते नेमकं तेव्हाच ते बंद झालं. ह्याला म्हणायचं नशीब.

लॉकडाऊनचं लिहायचं म्हटलं तर संपायचं नाही, म्हणून एकच. २०२० च्या गणपतीत आम्ही झूमवर आरती केली. ताईची कल्पना. तीन देश, सगळे ताम्हण-निरांजन घेऊन तयार, आणि आरती सुरू झाली तर जो काही गोंधळ! प्रत्येकाची टाळी वेगळ्या वेळी, दादा धृपदावर तर ताई अजून कडव्यात, आई मधेच थांबून म्हणाली, "ही काय आरती म्हणायची पद्धत झाली होय?" मी तेव्हा शोधून काढलं की ह्यात कुणाचीच चूक नाही. आवाज इकडनं तिकडं पोचायला वेळ लागतो. नुसत्या बोलण्यासाठी एका बाजूनं १५० मिलिसेकंदापर्यंत उशीर चालतो असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मार्गदर्शन आहे, त्याच्या वर गेलं की 'तू बोल', 'नाही नाही, तू बोल' सुरू होतं. पण एकत्र गायला-वाजवायला तेवढापण उशीर चालत नाही. आणि न्यू जर्सी ते सांगली म्हणजे केबलमधनं प्रकाशाच्याच वेगानं निघालं तरी वेळ जाणारच, कुठलंही ॲप आणा. वर आणखी झांज! घरातली एवढी खणखणीत झांज, ताईला ऐकूच जात नव्हती. तिला वाटलं आम्ही उगीच हात हलवतोय.

झांजेचं कारण मला नीट कळलं ते मात्र मिरजेच्या बाईंमुळं. ताई गाणं शिकते. बाई मिरजेच्या, आमच्या आईच्या ओळखीच्या, ताई अमेरिकेला गेली तरी शिकवणं थांबलं नाही, कितीतरी वर्षं स्काइपवर. त्यांच्या परदेशातल्या आणखी तीन-चार मुली पण स्काइपवरच. मग २०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटी मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की ५ मे ला स्काइप बंद. २०११ ला ८.५ अब्ज डॉलरला घेतलेलं स्काइप. त्याच आयडीनं आमच्या टीम्स नावाच्या ॲपमध्ये या म्हणाले, चॅट आणि यादी पण तिकडं येईल म्हणाले, आणि आली पण तशी. बाई मात्र जरा हबकल्या. वय सत्तरीच्या पुढं, आणि स्काइपची बटणं त्यांच्या हाताला पाठ झालेली. आईनं परस्पर सांगून टाकलं, आमची धाकटी येईल की. मी गेले.

पहिला धडा नवीन ॲपवर. नाव नको. बाईंनी तानपुरा लावला, म्हणजे खरा तानपुरा, मिरजेचा. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बाईंचा तानपुरा त्याच्या कितीतरी आधीचा.) लॅपटॉप स्टुलावर. तारा छेडल्या, षड्ज लावला, आणि ताई तिकडनं म्हणाली, "बाई, तानपुरा लावला नाही का?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आवाज वाढवला. बाईंनी तानपुरा लॅपटॉपच्या जवळ ओढला. ताईला पहिलं छेडणं ऐकू यायचं आणि मग आवाज विरत विरत गायब, बाई गायला लागल्या की त्यांच्या आवाजाबरोबर थोडासा परत यायचा, त्या थांबल्या की पुन्हा गायब. बाई म्हणाल्या, "हा माझा तानपुरा गिळतोय."

अगदी खरं होतं ते. ह्या सगळ्या ॲपांमध्ये नॉइज सप्रेशन असतं. ते काय करतं, तर जो आवाज सतत एकसारखा येतोय तो पंखा, एसी, मिक्सर असणार असं धरून पुसून टाकतं, आणि चढउतार होणारा आवाज म्हणजे माणूस असं धरून ठेवतं. आता तानपुऱ्याचं कामच अखंड वाजत राहणं. म्हणजे जितका चांगला जुळलेला, एकसंध तानपुरा, तितकी ॲपची खात्री की हा पंखा आहे! झांजेचं पण तसंच, माणसाच्या आवाजात बसत नाही, काढून टाका. हे सगळं बनवलंय ते मीटिंगसाठी, ज्यात एक माणूस बोलणार आणि बाकीचे कॅमेरा बंद करून भाजी चिरणार.

मग आम्ही एकेक करून बघत बसलो. जित्सी बघितलं, खुलं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्येच चालतं, शिष्येला काही टाकावं लागत नाही, नुसती लिंक. फक्त २०२३ पासून बैठक सुरू करणाऱ्याला लॉग-इन करावं लागतं, तेवढं मी बाईंच्या लॅपटॉपवर करून ठेवलं. ते बऱ्यापैकी चाललं. पण शेवटी बसलं झूम, कारण त्यात 'ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स' म्हणून एक सेटिंग आहे. ते चालू केलं की ॲप आवाजाला हात लावत नाही, जे येतंय ते जसंच्या तसं पुढं. हेडफोन मात्र हवेत, नाहीतर प्रतिध्वनी. सुरू केलं, बाईंनी तारा छेडल्या, आणि ताई काही बोललीच नाही, नुसती ऐकत होती, मग म्हणाली, पंचम जरा उतरलाय का हो. उतरला होता! बाईंनी खुंटी पिळता पिळता मला सांगितलं, हे ठेव.

लयीचा प्रश्न तरीपण राहिलाच, त्याला सेटिंग नाही. बाई इकडं टाळी देणार आणि ती ताईला उशिरा पोचणार, ताई त्या टाळीवर गाणार आणि ते बाईंना आणखी उशिरा. ह्यावर बाईंनी जो तोडगा काढला तो कुठल्या इंजिनिअरला पण सुचला नसता. ठेका शिष्येनं आपल्या खोलीत लावायचा. मग तिचं गाणं आणि ठेका दोन्ही एकत्रच निघतं, उशीर झाला तर दोघांना सारखाच होतो, बाईंना समेवर बरोबर ऐकू येतं. बाई टाळी देतच नाहीत, चुकलं की नुसतं बोट वर करतात. एकत्र गाणं मात्र नाही, बाई आधी, मुलगी नंतर. त्या म्हणतात एका अर्थी बरं झालं, समोर असताना ह्या मुली माझ्या आवाजाच्या आड लपायच्या. झूमच्या फुकटच्या खात्यावर ४० मिनिटांची मर्यादा आहे, तीपण त्यांनी शिकवणीत बसवून टाकली, ४० मिनिटं झाली की पाणी प्यायचं आणि दुसऱ्या लिंकवर यायचं. पैसे भरून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, कशाला, घसा तेवढाच टिकतो.

एका गोष्टीचं मला ओझं वाटतं, ते सांगून टाकते. नवीन ॲप टाक, ही लिंक दाब, स्क्रीन शेअर कर म्हणजे मी सांगते कुठं दाबायचं, ही सगळी वाक्यं मी आईला म्हणते, आणि हीच वाक्यं फसवणारे पण म्हणतात. व्हॉट्सॲपमध्ये २०२३ ला स्क्रीन शेअर आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता, आईला पुण्यातनं सेटिंग दाखवता येणार म्हणून. आणि मग डिजिटल अरेस्टच्या बातम्या सुरू झाल्या, पोलिसांचा ड्रेस घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरला पंतप्रधान 'मन की बात'मध्ये बोलले त्यावर, आईनं ते ऐकलं, आणि तेव्हापासून ती कुठलंही नवीन ॲप टाकायला सरळ नाही म्हणते. मला ते सोयीचं नाही पण मी तिला चूक म्हणू शकत नाही. आता आमच्यात ठरलंय की नवीन काही टाकायचं असेल तर मी आधी साधा फोन करायचा, त्याच नेहमीच्या नंबरवरनं, आणि तिनं फोन ठेवून मला उलट फोन करायचा. मग मी सांगते ते. आणि स्क्रीन शेअर चालू असताना बँकेचं ॲप आणि ओटीपीचा मेसेज उघडायचा नाही, मी सांगितलं तरी नाही. "तू सांगितलंस तरी?" "मी सांगितलं तर आधी फोन कट कर."

ह्या सगळ्यातनं पार होऊन ह्या उन्हाळ्यात एक नवीनच आलं. ताईची मुलगी, पंधरा वर्षांची, तिनं आज्जीला डिस्कॉर्डवर बोलावलं. मला न विचारता! साधा फोन केला, आज्जीनं उलट फोन केला, सगळे नियम पाळून भाचीनंच ॲप टाकायला लावलं, मी नंतर फक्त बॅटरीचं सेटिंग केलं. डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनेलमध्ये रिंग वगैरे काही नसते, खोली असते, आत जाऊन बसायचं, जो असेल त्याच्याशी बोलायचं. आईला हे इतकं पटलं की मला आश्चर्य वाटलं. तिचं म्हणणं, कॉल आला की उचलावा लागतो, हातातलं टाकून धावावं लागतं, हे बरं आहे. आमच्याकडे पहाटेचे सहा म्हणजे तिकडं रात्रीचे साडेआठ, आई उठलेलीच असते, चहा घेऊन जाऊन बसते.

आता ती खोली म्हणजे भाचीच्या गेम खेळणाऱ्या मित्रमैत्रिणींची. सगळी अमेरिकन पोरं. आई गेली आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवलात का?" भाचीनं इंग्रजीत सांगितलं, सगळ्यांनी काय काय खाल्लं ते एकेक करून सांगितलं. आता त्यातला एक पोरगा आई आली की स्वतःच 'जेवलात का' म्हणतो, उच्चार भयंकर आहेत पण म्हणतो. मागच्या आठवड्यात आईचा मला फोन आला, आधी वाटलं काहीतरी बंद पडलं. तर म्हणाली, "अगं, त्या पोराच्या आवाजामागं पंखा वाजालाय सारखा. ते बाईंचा तानपुरा गिळणारं बटण होतं बघ, ते ह्यात कुठं असतंय? त्याला सांगते."